दुसऱ्याची सदसद्विवेकबुद्धि



एका उपदेशक बंधूने पत्राने असा प्रश्न विचारिला आहे की, जो मनुष्य पवित्र शास्त्राचा विपरीत अर्थ करितो व तोच लोकांस शिकवितो, त्याच्या स्वातंत्र्याची काळजी खऱ्या विश्वासणाऱ्याने वाहावी काय? त्यांच्या गावी यहोवाचे साक्षीदार म्हणविणारे लोक येऊ लागले आहेत, मंडळीतील दोन घरे त्यांच्याकडे गेली आहेत, आणि त्यामुळे पंचांमध्ये मोठी खळबळ उडाली आहे. प्रश्न दोन ओळींचा आहे, पण उत्तर लिहावयास मला चार आठवडे लागले. कारण ह्याच परीक्षेस मी स्वतः एकदा बसलो होतो आणि उत्तीर्ण झालो नाही. ती हकीकत पुढे येईल. तिच्याआधी अमेरिकेतील एका शाळेची गोष्ट सांगतो. ती गोष्ट ह्याच पंथाच्या दोन मुलांची आहे, आणि तिच्यात हा प्रश्न त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, एका बाजूने सुटला, व तीनच वर्षांनी त्याच न्यायालयाने तो दुसऱ्या बाजूने सोडविला.

पेनसिल्व्हेनिया प्रांतात मायनर्सव्हिल नावाचे कोळशाच्या खाणींचे एक गाव आहे. तेथे गोबायटस आडनावाचे किराणा दुकानदार राहत असत. (न्यायालयाच्या दप्तरात हे नाव चुकीने गोबायटिस असे लिहिले गेले आणि खटल्यास तेच नाव कायमचे पडले.) शाळेत रोज सकाळी मुलांनी उभे राहावे, उजवा हात ध्वजाकडे लांब करावा व राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणावी, असा परिपाठ होता. साक्षीदारांचे म्हणणे असे की, कोणत्याही निशाणास असे वंदन करणे हा दहा आज्ञांपैकी मूर्तिपूजेविषयीच्या आज्ञेचा भंग आहे. त्याच काळी जर्मनीत त्यांचे सहपंथी हिटलरच्या नावाने हात उंच करावयाचे नाकारीत होते, आणि त्यापायी छळछावण्यांत जात होते. १९३५ च्या शरद ऋतूत ह्या घरातील दहा वर्षांचा मुलगा प्रथम वर्गात हात न उचलता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची बारा वर्षांची बहीणही तशीच उभी राहिली. मुलाने शाळेच्या कारभाऱ्यांस आपल्या हाताने पत्र लिहून कळविले की, देशावर आपले प्रेम आहे, परंतु देवावर त्याहून अधिक आहे. कारभाऱ्यांनी हा आज्ञाभंग ठरविला आणि नोव्हेंबर महिन्यात दोघांस शाळेतून काढून टाकिले.

बापाने दावा लाविला. खालच्या न्यायालयाने १९३८ साली मुलांच्या बाजूने निकाल दिला व अपिलातही तोच कायम राहिला. मग शाळेचे कारभारी सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ जून १९४० रोजी तेथे आठ न्यायमूर्ति एका बाजूस व एक दुसऱ्या बाजूस, असा शाळेच्या बाजूने निकाल झाला.

हा दिवस कोणता, हे ध्यानात घेतले पाहिजे. इंग्रजांच्या फौजा डंकर्कच्या किनाऱ्यावरून माघार घेत होत्या, फ्रान्स कोसळत होता. अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती, तरी भय घरोघरी शिरले होते. बहुमताचा निकाल न्यायमूर्ति फेलिक्स फ्रँकफर्टर ह्यांनी लिहिला. ते व्हिएन्नात जन्मलेले यहूदी. बारा वर्षांचे असता आईबापांबरोबर न्यूयॉर्कास आले, तेव्हा त्यांस इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. अल्पसंख्याकाचे दुःख ज्यास पुस्तकातून शिकावे लागले नाही, असा हा मनुष्य होता. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: राष्ट्राची एकी हा राष्ट्राच्या सुरक्षिततेचा पाया आहे. ती एकी मुलांच्या मनात कशी रुजवावी, हे लोकांनी नेमलेल्या कारभाऱ्यांनी ठरवावे. न्यायालयाने साऱ्या देशाची शाळासमिति होऊन बसू नये. ज्यांस नियम पसंत नसेल त्यांनी लोकमत वळवावे आणि नियम बदलून घ्यावा.

हा युक्तिवाद हलका नव्हे, व लिहिणारा मनुष्यही दुष्ट नव्हता. ज्यास आपली पायरी ठाऊक आहे अशा विनयशील अधिकाऱ्याचे ते बोलणे आहे, आणि म्हणूनच ते मला फार जवळचे वाटते. एकटे न्यायमूर्ति हार्लन स्टोन ह्यांनी भिन्न मत लिहिले. त्यांच्या लिहिण्याचा भावार्थ असा की, मुलाच्या मनात जे नाही, किंबहुना जे त्याच्या धर्मबुद्धीस पाप वाटते, ते त्याच्या तोंडून वदवून घेण्याची शक्ति सरकारास असेल, तर राज्यघटनेने दिलेले स्वातंत्र्य राहिले कोठे? लोकमत वळवा असे मूठभर असहाय लोकांस सांगणे, म्हणजे ज्यांच्यापासून त्यांचे रक्षण व्हावयाचे, त्यांच्याच हाती त्यांस सोपविणे होय.

पुढे काय झाले हे सांगावयास जड वाटते. निकाल वर्तमानपत्रांतून पसरताच, हे लोक देशद्रोही आहेत असे न्यायालयानेच ठरविले, असा अर्थ लोकांनी घेतला. त्याच जून महिन्यात मेन प्रांतातील केनेबंक गावी त्यांचे सभागृह जाळण्यात आले. पश्चिम व्हर्जिनियातील रिचवुड येथे कायद्याच्या एका अधिकाऱ्यानेच त्यांच्यापैकी काहींस धरून एरंडेल पाजिले व गावातून मिरवीत हाकलून दिले. त्या एका वर्षात तीनशेहून अधिक ठिकाणी सुमारे दीड हजार साक्षीदारांवर हल्ले झाल्याची नोंद आहे. हल्ले करणारे बहुतेक स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत असत. न्यायालयाने कोणास मारा असे सांगितले नव्हते. त्याने फक्त हात आवरून घेतला होता.

आता माझी हकीकत. काही वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील मंडळीचा पाळक होतो. तेथील एक कुटुंब साक्षीदारांत गेले. घरातील म्हातारी आईही मुलाबरोबर गेली. पुढे वैशाखात ती वारली. मुलगा सकाळीच माझ्याकडे आला आणि आपल्या बापाच्या कबरेशेजारी आईस जागा मिळावी असे म्हणाला. त्याच्या बापाने मंडळीच्या मंदिराचे दगड आपल्या बैलगाडीने फुकट वाहिले होते. मी पंचांस बोलाविले. नऊ पंच बसले. जे आपल्यात राहिले नाहीत त्यांस आपल्या मातीत जागा कशाला, असे एकाने म्हटले आणि बाकीच्यांनी माना हालविल्या. एकच पंच, ज्यास सही करता येत नाही आणि जो अंगठा उठवितो, तो म्हणाला की, बाई आपल्या नवऱ्याजवळ निजावयाला येत आहे, तिच्याशी वाद कसला घालता? आठ विरुद्ध एक. मुलगा ओट्याखाली उन्हात उभा होता. मी बाहेर जाऊन त्यास सांगितले की, पंचांचा ठराव हा मंडळीचा ठराव आहे, मला त्यात हात घालता येत नाही. सायंकाळी त्याने आपल्या शेताच्या बांधालगत आईस पुरले. मी गेलो नाही.

माझ्या शिक्षणाच्या दिवसांत मंडळीच्या कारभारपद्धतीवर जे धडे दिले गेले, त्याप्रमाणे माझे उत्तर बिनचूक होते. मायनर्सव्हिलच्या खटल्याचा निकाल मी वाचला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. वाचता वाचता मला आपलेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी ऐकू आले. फ्रँकफर्टरांस निदान असे म्हणावयास जागा होती की, समोर युद्ध आहे. माझ्यासमोर नऊ माणसे व एक तिरडी होती.

आणि त्या जागेविषयी आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्यावाचून ही कबुली अपुरी राहील. ते कबरस्थान मंडळीने विकत घेतलेले नाही. गावच्या स्मशानात आमच्या आजोबांस पाय ठेवू देत नसत, म्हणून त्यांनी सरकारकडे अर्ज केला आणि गावातील ख्रिस्ती लोकांसाठी म्हणून ती जागा मिळविली. अर्जात त्यांनी आपण कोणत्या मताचे ख्रिस्ती आहो हे लिहिले नव्हते. मेलेल्या माणसास माती मिळावी, एवढेच मागितले होते.

अमेरिकेच्या गोष्टीकडे परत जातो. १९४२ साली ह्याच पंथाचा दुसरा एक खटला चालू असता ब्लॅक, डग्लस व मर्फी ह्या तीन न्यायमूर्तींनी आपल्या मतपत्रात लिहून ठेविले की, दोन वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या बाजूने मत दिले, ते चुकले असे आता आम्हास वाटते. एवढ्या मोठ्या आसनावरील मनुष्याने, कोणी विचारिले नसता, छापील निकालात आपली चूक कबूल करावी, ही गोष्ट फार दुर्मिळ आहे. आमच्या मंडळ्यांच्या ठरावबुकांत असे एखादे पान सापडेल काय, हे मी सांगू शकत नाही. मी चाळलेल्या बुकांत सापडले नाही.

त्याच वर्षी पश्चिम व्हर्जिनियाच्या शिक्षणमंडळाने ध्वजवंदन सक्तीचे केले होते. न करणाऱ्या मुलास काढून टाकावयाचे, काढलेले मूल शाळेत गैरहजर धरावयाचे, आणि गैरहजेरीबद्दल आईबापांस पन्नास डॉलरपर्यंत दंड व तीस दिवसांपर्यंत कैद. म्हणजे शाळेचे दार बाहेरून लावून घ्यावयाचे, आणि मूल आत का नाही म्हणून बापास धरावयाचे. बार्नेट नावाच्या दोन बहिणींच्या घराने व आणखी काही कुटुंबांनी दाद मागितली. (ह्यांचेही नाव दप्तरात बार्नेटी असे चुकीच्या अक्षरांनी लिहिले गेले. गरिबाचे नाव नीट लिहून घेण्यास कारकुनास वेळ नसतो, हे सर्व देशांत सारखेच दिसते.) १४ जून १९४३ रोजी, म्हणजे अमेरिकेत ध्वजदिन पाळितात त्याच दिवशी, न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला आधीचा निकाल फिरविला. न्यायमूर्ति रॉबर्ट जॅक्सन ह्यांनी लिहिले त्याचा सारांश असा की, हक्कांची सनद केली ती काही गोष्टी मतदानाच्या कक्षेतून कायमच्या बाहेर काढून ठेवण्यासाठीच. जीव, मालमत्ता, बोलणे, उपासना करणे ह्या गोष्टी कोणत्याही निवडणुकीच्या फळावर अवलंबून नाहीत. राजकारणात, धर्मात किंवा देशाभिमानात खरे मत कोणते हे ठरवून, ते लोकांच्या तोंडून वदवून घेण्याचा अधिकार लहानमोठ्या कोणत्याच अधिकाऱ्यास नाही. फ्रँकफर्टर ह्या वेळीही आपल्या मतास चिकटून राहिले. आपण इतिहासातील अतिशय छळल्या गेलेल्या समाजाचे आहो, हे त्यांनी आपल्या भिन्न मताच्या आरंभीच लिहिले, आणि तरीही न्यायाधीशाने आपले मन कायद्यात मिसळू नये, असे म्हटले. त्यांच्याविषयी मला रागापेक्षा कीवच अधिक येते, कारण मी त्यांस ओळखितो.

ज्या सनदेचे नाव वर आले ती काय आहे, हे ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. अमेरिकेची राज्यघटना प्रथम झाली तेव्हा तिच्यात नागरिकांच्या हक्कांची वेगळी यादी नव्हती. लोकांनी ती मागितली, आणि डिसेंबर १७९१ मध्ये घटनेस दहा दुरुस्त्या जोडण्यात आल्या. त्यांस हक्कांची सनद म्हणतात. दहा हा आकडा वाचून आमच्या लोकांस सीनाय पर्वत आठवेल. साम्य केवळ आकड्याचे आहे, तरी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सीनायवर बहुतेक आज्ञा ‘करू नको’ अशा आहेत, आणि ह्या सनदेतही ‘करू नये’ असेच पुष्कळ आहे. परंतु येथे ‘करू नये’ हे प्रजेस सांगितलेले नसून सरकारास सांगितले आहे. पहिल्या दुरुस्तीप्रमाणे, कोणताही धर्म राजधर्म म्हणून स्थापावयाचा नाही, कोणाच्या उपासनेस आड यावयाचे नाही, भाषण व छापखाना ह्यांवर बंधन घालावयाचे नाही, शांततेने जमण्यास व गाऱ्हाणे मांडण्यास हरकत करावयाची नाही. नागरी स्वातंत्र्य म्हणतात ते हेच: सरकारचा हात जेथे थांबतो ती रेषा. नागरी हक्क हा शब्द तिकडे आणखी एका अर्थाने वापरितात, त्याविषयी पुढे लिहितो.

ही सनद मूळ लिहिली जेम्स मॅडिसन ह्यांनी. त्यांच्या तरुणपणी व्हर्जिनियात इंग्लंडची राजमान्य मंडळी होती, आणि परवान्याशिवाय उपदेश करणाऱ्या बॅप्टिस्ट उपदेशकांस तुरुंगात घालीत असत. मॅडिसन काही बॅप्टिस्ट नव्हते. राजमान्य मंडळीतच त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. १७७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी एका मित्रास संतापाने लिहिले की, शेजारच्या जिल्ह्यात पाचसहा भल्या माणसांस केवळ आपली धर्ममते प्रगट केल्याबद्दल कोंडून ठेविले आहे. उपदेशक बंधूच्या प्रश्नास येथे एक उत्तर मिळते. त्या देशातील धर्मस्वातंत्र्याचे एक मूळ असे सापडते की, एका मनुष्यास दुसऱ्याच्या मतासाठी झोप आली नाही.

उलट उदाहरणही आहे, व ते आमच्या घराजवळचे आहे. मॅसॅच्युसेट्स प्रांत ज्यांनी वसविला ते प्युरिटन लोक इंग्लंडातील जाचास कंटाळून समुद्रापार गेले होते. तेथे सत्ता हाती येताच त्यांनी रॉजर विल्यम्स ह्यांस १६३५ साली हद्दपारीची शिक्षा दिली, आणि १६५९ ते १६६१ ह्या काळात बॉस्टन येथे चार क्वेकर माणसांस फाशी दिले. त्यांपैकी मेरी डायर ही स्त्री होती. आमच्या अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी ह्याच प्रांतातून, ह्याच प्युरिटनांच्या वारस मंडळ्यांनी पाठविले. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांस परत जाण्याचा हुकूम केला. प्रभूची आज्ञा आम्हास येथे घेऊन आली आहे, ती सरकारने मोडावयास लावू नये, अशा आशयाचे अर्ज त्यांनी गव्हर्नराकडे केले आणि ते राहिले. ते राहिले म्हणून आपण आज आहो. परंतु त्याच वर्षी त्यांच्या मायदेशी मॅसॅच्युसेट्सात मंडळीचा खर्च करातून चाले. ती पद्धति १८३३ साली उठली. ह्यात मी आपल्या पूर्वजांची निंदा करीत नाही. आपला छळ झाला म्हणून आपण दुसऱ्याचा करणार नाही, असे मनुष्याच्या स्वभावात आपोआप घडत नाही, एवढेच ह्यावरून दिसते.

आता कोणी म्हणेल, ध्वजास वंदन करणे हे मूर्तिपूजन आहे काय? मला स्वतःस तसे वाटत नाही. पंधरा ऑगस्टास मी शाळेच्या पटांगणात उभा राहतो, ध्वजास वंदन करितो व राष्ट्रगीत म्हणतो, आणि माझे मन मला दोष देत नाही. त्यातही शास्त्रात दोन्ही माणसे आहेत. शद्रख, मेशख व अबेद्नगो सुवर्णमूर्तीपुढे वाकले नाहीत आणि भट्टीत गेले. परंतु नामान सरदार कुष्ठापासून शुद्ध झाल्यावर अलीशास विचारितो की, माझा धनी माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात वाकेल तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची देवाने मला क्षमा करावी. संदेष्टा त्यास शांतीने जाऊ देतो, ना हो म्हणतो, ना नाही. मी त्या बाबतीत नामानाच्या जवळचा असेन. माझा शेजारी त्या तिघांच्या जवळचा असेल. त्याचे चुकले असे मी त्यास शास्त्र उघडून सांगेन, दहा वेळा सांगेन. परंतु त्याचा हात धरून तो ध्वजाकडे उचलणे ही वेगळी गोष्ट आहे. तसे करून माझ्या हाती त्याचा हात मात्र येईल.

येथे एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे, नाहीतर उपदेशक बंधु माझ्या लिहिण्याचा भलता अर्थ करतील. मंडळीस शिस्त लावण्याचा अधिकार आहे. जो ख्रिस्ताचे ईश्वरत्व नाकारितो त्यास आपल्या व्यासपीठावरून उपदेश करू देण्यास, किंवा मंडळीचा सभासद म्हणून पटावर ठेवण्यास, मंडळी बांधलेली नाही. अमेरिकेच्या न्यायालयानेही कोणत्याही मंडळीस असे सांगितलेले नाही. ते बोलले ते सरकारी शाळेविषयी, जेथे प्रत्येक मुलास कायद्याने जावेच लागते. म्हणून प्रत्येक ठिकाणी असे विचारावे की, ही वस्तु मंडळीच्या विश्वासाची आहे, की गावात राहणाऱ्या मनुष्याच्या जगण्यामरण्याची आहे? प्रभुभोजनाचा मेज पहिल्या प्रकारचा. विहीर, रस्ता, दुकान, शाळा, कबर ही दुसऱ्या प्रकारची. पहिल्यातील शिस्त दुसऱ्यात नेली की ती शिस्त राहत नाही, तिचा बहिष्कार होतो. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांस कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

नागरी हक्क ह्या शब्दाचा जो दुसरा अर्थ वर म्हटला तो हाच: सरकारने हात आवरणे पुरेसे नसते, दुबळ्यास समान वागणूक मिळते की नाही हेही त्याने पाहावे लागते. ह्यासाठी अमेरिकेस यादवी युद्ध करावे लागले. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण सर्वांस देऊ केले. हे वर्तमान इकडे किती आस्थेने ऐकिले गेले, ते जोतीराव फुले ह्यांच्या कृतीवरून कळते. १८७३ साली निघालेले आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी, हबशी लोकांस गुलामगिरीतून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले. परंतु कागदावर आलेले समान संरक्षण शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचावयास १९५४ साल उजाडले, आणि त्यानंतरही कृष्णवर्णी लोकांस रस्त्यावर उतरावे लागले. १९६३ च्या एप्रिलात बर्मिंगहॅम येथे आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांनी पत्रक काढून, ही निदर्शने अवेळी आहेत, न्यायालयांवर भरवसा ठेवून धीर धरा, असे सुचविले. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी तुरुंगातून त्यांस दीर्घ पत्र लिहिले. ते आठजण जुलमी नव्हते, सौम्य, शिकलेले धर्मपुढारी होते. पाळकांनी हे पत्र वर्षातून एकदा वाचावे, असे मला वाटते.

बार्नेटच्या निकालाने अमेरिकेचे डोळे कायमचे उघडले, असेही कोणी समजू नये. त्यानंतर दीडच वर्षाने, १८ डिसेंबर १९४४ रोजी, त्याच न्यायालयाने जपानी वंशाच्या लोकांस पश्चिम किनाऱ्यावरून घरादारासह हुसकून लावण्याचा लष्करी हुकूम कायदेशीर ठरविला. अशा लोकांची संख्या एक लाख दहा हजारांहून अधिक होती, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. हा निकाल लिहिणारे ब्लॅक! ज्यांनी दोन वर्षांपूर्वी आपली चूक छापून कबूल केली होती, तेच. सरकारने ह्याबद्दल क्षमा मागितली ती १९८८ साली, आणि हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले. १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, जे स्वतः न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात शिकले होते, आपल्या घटनासमितीस बजाविले होते की, घटनेला धरून वागण्याची नीति मनुष्याच्या ठायी उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते. ब्लॅक ह्यांचे उदाहरण पाहिले म्हणजे त्या बोलण्याचा अर्थ कळतो.

तो निकाल समुद्र ओलांडून इकडेही आला आहे. केरळातील यहोवाच्या साक्षीदारांच्या तीन मुलांस १९८५ साली शाळेतून काढले. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, परंतु गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ति चिन्नप्पा रेड्डी ह्यांनी त्यांस परत घेण्याचा हुकूम केला, व निकालात बार्नेटच्या खटल्याचा आधार घेतला. आपल्या राज्यघटनेच्या ज्या पंचविसाव्या कलमाने त्या मुलांस शाळेत परत नेले, त्याच कलमाच्या छायेत आपली रविवारची उपासना चालते. जेथे त्यांच्यासाठी ते कलम तोकडे होईल, तेथे आपल्यासाठी लांब कसे राहील?

तेव्हा उपदेशक बंधूस माझे उत्तर असे आहे. त्या दोन घरांशी शास्त्रावरून वाद घालावा, आणि तयारीने घालावा, कारण ते लोक वचने पाठ करून येतात. पण विहिरीवर त्यांस कोणी अडविले, किंवा पंचांनी त्यांच्याशी देवघेव बंद करण्याचा ठराव मांडिला, तर उपदेशकाने उठून नाही म्हणावे, मग तो एकटा असला तरी चालेल. बैठकीच्या बुकात आपले नाही लिहून घ्यावे. स्टोन ह्यांचे एकट्याचे नाही तीन वर्षे कागदावर पडून होते.

आमच्या त्या गावी मी गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. अंगठा उठविणारे पंच आता नाहीत. बांधावरील कबरेची एक कड पावसाने ढासळली आहे. मी मुलाच्या घरी जाऊन त्याची क्षमा मागितली आणि आईस बापाशेजारी आणावयाचे असेल तर मी पंचांशी बोलतो, असे म्हणालो. त्याने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाला, “पाळकसाहेब, आईला आता हालवू नका. माझ्यापुरती तेवढी जागा मिळेल का, ते विचारा.” त्याच्या विनंतीचा अर्ज मीच लिहून दिला आहे, खाली माझीही सही केली आहे. पंचांची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर आहे.